साडभाऊंच्या घरी तीन शाळा

काळजी करणं ही सरकारी नोकरी असती, तर माझे साडभाऊ वेळेआधी बढत्या घेत घेत आज मंत्रालयात सचिवाच्या खुर्चीवर बसले असते, आणि तिथेही खुर्चीचा मागचा डावा पाय हलतो की काय म्हणून दर तासाला उठून वाकून पाहत राहिले असते. मी स्वतः काही कमी नाही. गॅस बंद केला का हे पाहायला मी फाटकापासून परत येतो. पण मी एकदा येतो. साडभाऊ तीनदा येतात आणि चौथ्यांदा रस्त्यातून शेजाऱ्याला फोन लावून "जरा वास येऊन राहिला का पाहा ना" म्हणतात. गाडी साडेदहाची असली की हे साडेआठला स्टेशनवर, आणि तिथे बाकड्यावर बसून ही गाडी चुकली तर पुढची कोणती याचा हिशेब चाललेला. आमच्या बेबीशी, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी, यांचं लग्न लागत होतं तेव्हाची गोष्ट. मंगलाष्टकांना सुरुवात व्हायची होती, अंतरपाट धरलेला होता, आणि नवरदेव भटजींच्या कानाला लागून विचारत होते, "महाराज, अक्षता पुरतीन ना? मागचे लोक रिकामे उभे दिसून राहिले." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बेबीनंही ऐकलं असणार, पण तेव्हा फार उशीर झाला होता.

नोकरी मोजणी खात्यात. शेतं मोजायची, हद्दी दाखवायच्या, नकाशे काढायचे. दहा-बारा वर्षं हेच केल्यामुळे दिसेल ते मोजायचं आणि मोजलेलं कागदावर आणायचं ही सवय हाडात मुरलेली. खिशात फीत कायम. दुसरी सवय त्याहून अवघड. कोणाशी काही बोलायचं तर आधी अर्ज, अर्जाला कागदपत्रं जोडायची, आणि आपल्या प्रतीवर समोरच्याची सही घेऊन पोच ठेवायची. बिनाअर्जाचं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती हवा. एकदा दूध पातळ येत होतं तर यांनी दूधवाल्याच्या हातात कागद दिला. विषय, दूध पातळ येत असल्याबाबत. खाली, महोदय. दूधवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला महोदय म्हटलेलं वाचलं आणि घाबरून पोचेवर अंगठा उठवला. बिचारा लिहू-वाचू शकत होता, तरी अंगठा. पुढे पंधरा दिवस त्यांच्याकडे असं दूध आलं की साय चमच्यानं कापावी लागे. आम्ही हसलो, पण साडभाऊंचा अर्जावरचा विश्वास त्या सायीसारखाच घट्ट झाला.

रेणू ही त्यांची एकुलती एक मुलगी. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ती साडेपाच वर्षांची होती. घरात ही पोरगी बोलायला लागली की कूलरचा आवाज खाली पडतो. बाहुली काय म्हणाली, बाहुलीची सासू काय म्हणाली, पाल भिंतीवरून काय म्हणाली, सगळं सांगणार. पण उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं किंवा घरात कोणी परकं आलं की तोंडाला कुलूप. मी तिचा सख्खा मावसा, तरी माझ्याशी पहिला शब्द बोलायला तिनं दोन दिवाळ्या घेतल्या. तो शब्दही "सरका" हा होता, कारण मी तिच्या बाहुलीवर बसलो होतो. बालवाडीत दोन वर्षं गेली, तिथल्या बाईंना शेवटपर्यंत तिचा आवाज माहीत नव्हता. डॉक्टरांनी कान, जीभ, घसा सगळं पाहून "काही दोष नाही, तिच्या मनात येईल तेव्हा बोलेल, मागे लागू नका" असं सांगितलं होतं. मागे लागू नका हे साडभाऊंना सांगणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्याला गरम होऊ नको म्हणून सांगणं.

त्या जानेवारीत ते तिला एका मोठ्या इंग्रजी शाळेत मुलाखतीला घेऊन गेले. पाच वर्षांच्या पोरीची मुलाखत! तिथल्या मॅडमनी सफरचंदाचं चित्र पुढे धरलं आणि विचारलं, "व्हॉट इज धिस, बेटा?" रेणूनं चित्राकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मॅडम साडभाऊंना म्हणाल्या, "बच्ची थोडी स्लो है. अगले साल ट्राय कीजिए." तिथून ते सरळ आमच्या घरी आले. रेणू आत बायकोकडे गेली आणि हे माझ्यासमोर बसून राहिले. चहा पुढे ठेवला तो निवला. "भाऊजी," ते म्हणाले, "स्लो म्हणाली ती. माझ्या रेणूले. तिच्या तोंडासमोर." आतून स्वयंपाकघरातून रेणूचा आवाज येत होता, ती माझ्या बायकोला सांगत होती की त्या मॅडमजवळचं सफरचंद खोटं होतं, त्याला देठच नव्हता. मला त्या बाईंचा भयंकर राग आला.

त्या दिवसापासून साडभाऊंच्या जिवाला एकच घोर लागला. पहिलीचं वर्ष चुकीच्या शाळेत गेलं, कोणी खेकसलं, कोणी हसलं, तर ही पोरगी कायमची मिटून जाईल. "एकदा का तिनं ठरवलं ना का बाहेर बोलायचं नाही, तं मंग झालं," ते म्हणत. आणि मग त्यांनी जाहीर केलं की रेणूला कार्पोरेशनच्या शाळेत घालणार. ते स्वतः काटोलला नगरपरिषदेच्या शाळेत शिकलेले. तिथे मुलाखत वगैरे नव्हती, डोक्यावरून हात घेऊन कानाला लागला की पहिलीत. घरात गहजब झाला. बेबी आठ दिवस रडली. माझी बायको मला म्हणाली, "अहो, समजवा ना त्यांना, लोक काय म्हणतील?" मी समजवायला गेलो आणि त्यांच्या गाडीवर मागे बसून परत आलो, कारण तोवर त्यांचं ठरलं होतं की शाळा पाहायला एक साक्षीदार सोबत पाहिजे. मोजणीला पंच लागतात ना, तसा.

दुसरा कोणी असता तर घराजवळची शाळा पाहून नाव घालून मोकळा झाला असता. यांनी शहरातल्या सगळ्या कार्पोरेशनच्या मराठी प्राथमिक शाळांची यादी मिळवली, रोज नेता-आणता येतील अशा सतरा वेगळ्या काढल्या, आणि नकाशाचा मोठा कागद आडवा पसरून तक्ता आखला. डावीकडे शाळा, वर रकाने. पाणी, संडास, खिडक्या, शिक्षक, पट, खिचडी, रस्ता ओलांडणे, कुत्री. कुत्र्यांचा रकाना पाहून मी हसलो तर म्हणाले, "हसू नका भाऊजी. शाळा चांगली अन् दारात कुत्रं, तं पोरगी आतच जाणार नाही. मंग चांगली असून काय करता?" प्रत्येक रकान्याला दहा गुण, आणि अर्धा गुणसुद्धा ते असा विचार करून देत की जणू कोणाची हद्द सरकणार आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल, जेव्हा जेव्हा त्यांना रजा मिळाली तेव्हा तेव्हा आम्ही शाळा पाहिल्या. नागपुरात मार्चपासूनच ऊन डोक्यात जातं. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, आणि मी मागच्या सीटवर तक्त्याची गुंडाळी धरून बसलेलो. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण साडभाऊंनी दिलेला कांदा मी निमूट खिशात ठेवत होतो, नाहीतर ते सगळ्या रस्त्यात मागे वळून "भाऊजी, चक्कर तं नाही ना येऊन राहिली?" विचारत आणि गाडी दुभाजकाकडे जात असे. शाळेत पोचलो की आधी नळ. नळाचं पाणी स्वतः पिऊन पाहत, तोंडात फिरवत, आणि मलाही प्यायला लावत. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटाची चौकशी फोनवरून होई, आणि ती चौकशी प्रेमापोटी आहे की रकान्यासाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग खिचडी. जेवणाच्या सुटीत मुलांच्या रांगेत मागे उभे राहून हे ताटली पुढे करत. वाढणाऱ्या मावशी पाहतच राहत. एका शाळेत खिचडी इतकी आवडली की दोनदा घेतली, आणि मग एका मुलाच्या वाट्याची आपण खाल्ली की काय म्हणून दुपारभर तळमळले. दुसऱ्या दिवशी केळ्यांची फणी नेऊन दिली तेव्हा कुठे जीव खाली पडला.

एकदा मात्र मार खायची वेळ आली होती. बाजारामागच्या मोठ्या शाळेपासून रस्ता ओलांडायची जागा किती लांब आहे हे मोजायला त्यांनी गल्लीत फीत धरली. एक टोक माझ्या हातात. दोन मिनिटांत खिडक्या उघडल्या. पाच मिनिटांत गर्दी. आमच्या शहरात रस्त्यावर फीत पडली की लोकांना एकच गोष्ट सुचते, रस्ता रुंद होणार आणि आपलं घर जाणार. एक आजोबा धापा टाकत घरातून रजिस्ट्रीचे कागद घेऊन आले. एक बाई ओट्यावर आडव्याच झाल्या, म्हणे आधी माझ्यावरून न्या. एकानं साडभाऊंची कॉलर धरली, "काहून मोजून राहिला बे? कोणी पाठवलं तुले?" साडभाऊ घामानं चिंब. "अहो, पोरीले पहिलीत घालाचं आहे," ते म्हणत होते, पण असं कारण कोण खरं मानणार? शेवटी मीच तक्ता उलगडून दाखवला. त्या माणसानं तक्ता वाचला, कुत्र्यांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं दोन लिहिले तुम्ही. तीन आहेत. एक दुपारी येते." मग त्या आजोबांनी आम्हाला बसवून चहा पाजला आणि शाळेतले कोणते गुरुजी चांगले, कोणत्या बाई रागीट, हे सगळं सांगितलं. साडभाऊंनी ते लिहून घेतलं आणि निघताना त्यांच्या कागदपत्रांत कुठे सही राहिली आहे तेही दाखवून दिलं.

प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांना ते एकच प्रश्न विचारत. "एखादं मूल बोललंच नाही, तं तुम्ही काय करता?" विचारताना आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत, पण उत्तर यायच्या आधीच पेन्सिल कागदावर टेकवलेली असे. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसे. बाजारामागच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे भरदार छाती, भरदार आवाज. ते म्हणाले, "बोलत नाही म्हणजे? बोलवतो ना आम्ही!" साडभाऊ खुर्चीत मागे सरकले. पाण्याच्या टाकीजवळच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आमच्या इथं सारे वटवटच करते हो. एखादं शांत लेकरू भेटलं तं मी त्याले पेढे वाटीन." हे त्यांना बरं वाटलं. त्यांच्या घराजवळच, नाल्याकाठी, दोन खोल्यांची एक लहानशी शाळा होती. एक नळ, तोही गळका. खिचडी पातळ. वर्गाला मुलं बोटांवर मोजण्याइतकी. तिथल्या बाईंनी प्रश्न ऐकून पदरानं चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग मी बोलते. कोणीतरी बोललं पायजे ना." साडभाऊंनी शेऱ्यात लिहिलं, उत्तर अस्पष्ट. ती शाळा सतराव्या नंबरवर गेली.

एप्रिल संपला, शाळांना सुट्या लागल्या. तक्त्यात बाजारामागची आणि टाकीजवळची या दोन शाळा वर होत्या, मध्ये अर्ध्या गुणाचा फरक. साडभाऊ रोज संध्याकाळी तो अर्धा गुण इकडचा तिकडे करत. एका शाळेचं पाणी चांगलं पण मुख्याध्यापकांचा आवाज मोठा. दुसरीत बाई गोड पण रस्त्यावर ट्रक. त्यांचं वजन उतरलं. बेबी मला फोनवर म्हणाली, "भाऊजी, हे झोपेत रकाने बोलतात." मी म्हटलं, एक कुठली तरी ठरवा, नाव घाला. तर म्हणाले, "नाव घातलं का मंग ते घातलंच ना भाऊजी. मंग मागं येता येत नाही." मीही आता गॅस पाहायला फाटकापासून दोनदा परत यायला लागलो होतो. काळजी संसर्गजन्य असते हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, तेवढाच दिलासा. जून आला तरी रेणूचं नाव कुठेच घातलेलं नव्हतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. पलीकडून साडभाऊंचा घोगरा आवाज. "भाऊजी, लवकर या. घरी तीन शाळा येऊन बसल्या आहे."

मी अर्धी दाढी तशीच ठेवून गेलो. दारात फुगे लावलेली ई-रिक्षा उभी. व्हरांड्यात बाजारामागच्या शाळेचे भरदार मुख्याध्यापक आणि त्यांचे एक शिक्षक, हातात गुलाबाची फुलं. त्यांच्यासमोर टाकीजवळच्या बाई, हातात पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट आणि त्यावर रेणूचं नाव. कोपऱ्यात पायरीवर नाल्याकाठच्या बाई, एकट्या, पायातली तुटलेली चप्पल हातात घेऊन. तिघांच्याही पहिलीच्या यादीत रेणूचं नाव होतं. आणखी दोन शाळांचे फोन येत होते. सध्या या शाळांना मुलं मिळणं किती कठीण झालंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पट घसरला की शाळा दुसरीकडे जोडतील ही धास्ती. शिक्षक भर उन्हात घरोघर फिरून एकेक मूल गोळा करतात, आणि पहिल्या दिवशी ते हातचं जाऊ नये म्हणून घरी येऊन घेऊन जातात. पण रेणूचं नाव यांच्याकडे गेलं कसं?

"मी कुठं नाव घातलं?" साडभाऊ रडकुंडीला आले होते. "मी तं फक्त माहिती मागितली!"

मुख्याध्यापकांनी फाइलीतून कागद काढला. साडभाऊंचाच अर्ज. विषय, शाळेची माहिती मिळणेबाबत. सोबत जोडलेली कागदपत्रे, मुलीचा जन्मदाखला, आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो. सतराही शाळांत यांनी आपल्या सवयीप्रमाणे संपूर्ण संच जोडून अर्ज दिला होता आणि पोच घेतली होती. अर्ज द्यायच्या वेळी साक्षीदार, म्हणजे मी, बाहेर गाडी सांभाळत उभा असे. अर्जाच्या शेवटी, प्रत्येक सरकारी माणसाच्या हातून आपोआप उतरतं ते वाक्य होतं, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. मुख्याध्यापकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आम्ही कार्यवाही केली," ते म्हणाले.

साडभाऊ मटकन खाली बसले. मला हसू फुटत होतं आणि त्यांचं तोंड पाहून ते घशातच विरत होतं. कारण त्या घटकेला त्या माणसाच्या डोळ्यांसमोर सहा महिन्यांची सगळी धास्ती एकदम येऊन उभी होती. तीन परकी माणसं, तीन आवाज, आणि दाराच्या पडद्यामागे तेल लावून दोन वेण्या घातलेली रेणू. तिचे फक्त पाय दिसत होते. "काय नाव बेटा तुझं?" मुख्याध्यापकांनी विचारलं. त्यांच्या परीनं हळूच, पण खिडकीची काच थरथरली. पाय एक पाऊल मागे गेले. "मुकुट पायजे ना तुले? ये मंग, लाजते काहून वं?" टाकीजवळच्या बाई म्हणाल्या. पाय हलले नाहीत. "रेणू, बाळा, सांग ना," साडभाऊ म्हणाले, आणि त्यांचा स्वर इतका केविलवाणा होता की बेबीनं तोंड फिरवलं. मी मनात म्हटलं, झालं. आता ही आपल्याशीसुद्धा बोलणार नाही.

नाल्याकाठच्या बाई अजून पायरीवरच बसलेल्या. त्यांचा सगळा जीव त्या चपलेत. त्यांनी बेबीला विचारलं, "पिन असंन का वं बाई एखादी?" बेबी बांगड्या चाचपायला लागली. तेवढ्यात पडदा हलला, पाय आत पळाले, आणि रेणू सेफ्टी पिनांचा सबंध डबाच घेऊन बाहेर आली. बाईंसमोर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पिन घेतली, पट्ट्यात खुपसली, चप्पल पायात घालून दोनदा आपटून पाहिली आणि त्या चपलेलाच म्हणाल्या, "आता हे शाळेपर्यंत टिकते का पाहू. येताना मी मोठ्या रस्त्यानं आली, लय फिरून आली. जवळून जायचं तं कुठून जाव बाप्पा? नाल्याकडून का देवळाकडून?"

"देवळाकडून," रेणू म्हणाली.

साडभाऊंनी माझा दंड धरला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

"नाल्याकडं काळं कुत्रं बसते," रेणू पुढे म्हणाली. "ते मोठ्या माणसाले काही नाही करत. लहानाच्याच मागं लागते."

"हौ का? मले ठाऊकच नव्हतं," बाई म्हणाल्या. "मंग तू पुढं चाल. मी मागून येते."

आणि ती पोरगी निघाली की! दप्तर नाही, डबा नाही. बेबी डबा घेऊन मागे धावली. साडभाऊही धावले, पण बाईंनी न वळताच पाठीमागे हात करून थांबा म्हणून खूण केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते सांगितल्याबरोबर थांबले. गल्लीच्या वळणापर्यंत रेणूचा आवाज ऐकू येत होता. मी शेजारी पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. माझीही अवस्था काही वेगळी नव्हती, फक्त अर्ध्या गालावर साबण असल्यामुळे खपून गेली. मुख्याध्यापक उठले. एवढा मोठा आवाज, पण त्या वेळी अगदी खाली आला. "जाऊ द्या साहेब," ते म्हणाले, "बोलली ना." टाकीजवळच्या बाईंनी जाताना मुकुट बेबीच्या हातात दिला. म्हणाल्या, नाव लिहिलंच आहे तं राहू द्या.

पुढचे पंधरा दिवस साडभाऊ चार शाळांमध्ये नाव कमी करणेबाबत अर्ज देत फिरले. या वेळी कागदपत्रं जोडली नाहीत. पण प्रत्येक शाळेत एक मूल कमी केल्याची टोचणी लागली, म्हणून मग हे स्वतःच मुलं शोधायला लागले. ऑफिसच्या शिपायाची नात, पोहेवाल्याची जुळी, घरी कपडे इस्त्रीला नेणाऱ्या भाऊंची धाकटी. कोणाच्याही दारात जाऊन सांगायचे की टाकीजवळच्या शाळेचं पाणी चांगलं आहे, मी स्वतः पिऊन पाह्यलं आहे, माझे साडभाऊही प्यायले, काही झालं नाही. चार शाळांना चारापेक्षा जास्तच मुलं मिळाली. भरदार मुख्याध्यापक आता दिवाळीला त्यांना फोन करतात, आणि तो फोन शेजारच्या तीन घरांत ऐकू येतो.

रेणू आता दुसरीत आहे. नाल्याकाठच्या शाळेचं यंदा निभावलं, पुढच्या वर्षीचं कोणी सांगू शकत नाही. बाई म्हणतात, पोरगी वर्गात इतकी बोलते की मला तिची जागा तीनदा बदलावी लागली. परवा रविवारी साडभाऊ आमच्याकडे आले होते. रेणू आणि बेबी आत होत्या. हे खुर्चीच्या टोकावर बसून गुडघा हलवत होते. मी चिडवलं, "आता कशाची काळजी? पोरगी बोलायला लागली, शाळा जमली. आता तरी नीट बसा."

ते हसले, पण नेहमीसारखं नाही. म्हणाले, "भाऊजी, पयले घरी आली का सारं सांगे. बाहुली काय म्हणाली, पाल काय म्हणाली. आता विचारलं, शाळेत काय झालं, तं म्हणते, काही नाही. रोज काही नाही. म्हणून एक दिवस मी खिडकीशी जाऊन उभा राह्यलो. आत सारी गंमत चालू होती, ही उभी राहून गोष्ट सांगून राहिली होती. मले पाह्यलं अन् चूप झाली. खाली मान घातली. अगदी त्या मॅडमसमोर घातली होती तशी."

त्यांनी बोटांनी खुर्चीचा हात उगाच वीतभर मोजला आणि सोडून दिला.

"तवापासून मी खिडकीजवळ जात नाही. सुटीच्या येळेले देवळाजवळ थांबतो, तिथून मैदानातला गलका ऐकू येते. तिचा आवाज कोणता, ते नाही ओळखू येत भाऊजी. सारे एकदमच ओरडतात." मग म्हणाले, "पण असते ती त्यात."

आतून रेणूनं हाक मारली, बाबा, घरी चला ना, उशीर होते. ते लगेच उठले.